आधी फक्त पंप

३ मे

पुसदची दीपा आज तिचा कॉम्प्युटर घेऊन आली. गाडीच्या मागच्या सीटवर दोन उशा, वर चादर, बाळंतीण घरी आणावी तसा आणला होता. चादर काढली तर काचेच्या पेटीत हिरव्या पाण्याच्या नळ्या. दुकानापुढे उभे असलेले दोन ड्रायव्हर जवळ आले. एकानं विचारलं, "याच्यातल्या मच्छ्या कुठं गेल्या?"

दीपा ड्रोन उडवते. नाले, तलाव, शेतं यांचे वरून फोटो काढून हजारो फोटोंचा एक नकाशा जोडते. असल्या कामाला दांडगा कॉम्प्युटर लागतो अन् तो तापतोही दांडगा, म्हणून नुसत्या पंख्यावर न भागवता आतून पाणी खेळवून थंड करायचा. पुण्यात कुणीतरी बनवून दिला होता, दोन वर्षं बरा चालला. आता या उन्हात अर्ध्या तासात नव्वदच्या वर जातो आणि स्वतःच बंद पडतो. पाऊस लागायच्या आत तिला सगळे नकाशे द्यायचे आहेत. जिथं विचारलं तिथं एकच उत्तर मिळालं, पुण्याला पाठवा.

"तुले येते का हे?" तिनं सरळ विचारलं.

"येते," मी म्हटलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. नागपूरच्या दुकानात तीन वर्षं मी कॉम्प्युटर जोडले, त्यात पाण्याचे दोनच, तेही दुसऱ्याच्या हाताखाली. पण नाही म्हटलं असतं तर पेटी पुण्याला गेली असती अन् माझ्याकडे आयुष्यभर चार्जरच्या पिना झाळायला आल्या असत्या.

दीपा गेल्यावर कलीम ट्रकखालून बाहेर आला. माझा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण वागणं सासऱ्यासारखं. म्हणाला, "पाणी अन् करंट एकाच डब्यात? आपा, तू दुकान जाळशीन."

दुकान म्हणजे अब्बांचं रेडिएटरचं, पांढरकवड्याच्या हायवेवर. लांबट पत्र्याचं शेड. दारापाशी, उजेडात, माझं टेबल आणि माझी कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीची पाटी. आत अंधाऱ्या भागात अब्बांचा ठिय्या, म्हणजे कथलानं झाळायची शेगडी अन् गळती तपासायचा पाण्याचा हौद. बाहेर उन्हात कलीम आणि ट्रक. गेले दोन महिने कलीमनं एकच धरून ठेवलंय की दारापाशी अब्बांचा ठिय्या आणायचा आणि मी आत जायचं. आत गेले तर माझी पाटी कोणाला दिसणार? शिवाय झाळायच्या धुरात कॉम्प्युटर उघडायचे कसे? त्याला मला घालवायचंच आहे, अब्बांचं नाव नुसतं पुढे करतो.

आज पुन्हा तोच विषय निघाला. अब्बा म्हणाले, "बकरी ईदपर्यंत जागा तिचीच. हे काम तिनं केलं तं पुढंबी तिची. नाई जमलं तं पाहू. आता दोघंबी चूप बसा."

ठीक आहे. ईदपर्यंत तर ईदपर्यंत. दीपाची पेटी थंड चालवून दाखवते आणि मग कलीमनं माझ्या टेबलाकडे मान वर करून पाहावं.

(घरात आम्ही निम्मं हिंदी, निम्मं वऱ्हाडी बोलतो. ही वही मराठीत आहे, कारण कलीम उर्दू शाळेतला. मराठीचं पान दिसलं की त्याला जांभई येते.)

५ मे

पाणी उपसलं. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा असतो, त्याच्या पोटात फणीसारख्या बारीक खाचा. पाणी त्यातून जाताना ऊब घेतं आणि रेडिएटरात येऊन सोडतं. ट्रकमध्येही हेच होत असतं. तर त्या खाचा गाळानं गच्च भरलेल्या. कोणा शौकिनानं शोभेचं रंगीत पाणी भरलं होतं, त्याचा रंग खाली बसला.

अब्बांनी वास घेतला. "रेडिएटर का शोभेसाठी असते? दे इकडं. तेजाबात बुडवतो, पाच मिंटात नवं."

मी ठोकळ्यावर हात ठेवला. ट्रकच्या रेडिएटरला अ‍ॅसिड सोसतं, ते याला सोसणार नाही, खाचा कागदासारख्या पातळ आहेत.

"तीस वर्सं झाले हे काम करून राह्यलो."

"तुमच्या हाताला मी काही नाही म्हणत, अब्बा. तेजाबाला म्हणते."

मग कलीम काँप्रेसरचा पाइप घेऊन आला, हवा मारून मोकळं करतो म्हणे. त्या हवेनं ट्रकचं टायर फुगतं. त्यालाही हाकललं. अब्बा आत जाता जाता कलीमला ऐकवत होते, "हे पोट्टी कोनाचं ऐकत नाई, सख्ख्या बापाचंबी नाई." इतक्या मोठ्यानं, की बाहेरचे ड्रायव्हर हसले. मला राग आला. गिऱ्हाइकांसमोर कशाला?

पातळ केलेला सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मऊ ब्रश घेऊन दिवसभर बसले. संध्याकाळी खाचांतून उजेड आरपार दिसला.

७ मे

डिस्टिल वॉटर आणायला बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "एवढे डबे? इन्व्हर्टर केवढं आहे?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरला पाजायचंय." त्याला वाटलं मी त्याची चेष्टा करते आहे.

या महिन्यात झाळलेला तिसरा रेडिएटर आज गळत परत आला. ड्रायव्हर दारातच ओरडत होता. कलीमनं मान खाली घालून तो घेतला आणि स्वतः झाळायला बसला. खरं तर झाळायचं काम अब्बांचं. हल्ली हाच मध्ये मध्ये हात घालतो, मग असंच होणार. नाचता येईना अंगण वाकडे, अन् वर म्हणे दारापाशी जागा पाहिजे.

अब्बांचं काम पाहत राहावं असं. हौदात रेडिएटर बुडवून हवा सोडली की छिद्रातून बुडबुडे येतात. बाकीचे लोक वाकून बुडबुडे बघत बसतात. अब्बा वरून बघतसुद्धा नाहीत, पाण्यात हात घालून बोटांनी शोधतात. म्हणतात, डोळा फसवते, बोट फसवत नाई. पूर्वी असं करत नव्हते. माणूस म्हातारपणीही नवी कला शिकतो, हे अब्बांकडून घ्यावं.

रात्री जेवायला मासळी होती. अम्मी अब्बांच्या ताटातला एकेक काटा काढून देत होती. मी म्हटलं, "आमच्या ताटातले कोण काढणार?" अम्मी हसली नाही. म्हातारपणी यांचे लाड वाढलेत.

८ मे

सगळं जोडून झालं. आता खरी परीक्षा.

रिकाम्या नळ्यांत पाणी भरायचं तर पंप फिरला पाहिजे. पण कॉम्प्युटर चालू करायचा नाही. कुठं एक थेंब जरी गळत असला आणि आत करंट असला तर दीपाची दोन वर्षं एका क्षणात राख. म्हणून आधी फक्त पंप. बाकी सगळ्या भागांच्या तारांची तोंडं काढून ठेवायची, पंप एकटा चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू ठेवायचा, आणि नळ्यांतली हवा निघेपर्यंत चालवत राहायचं. पंप कोरडा फिरू द्यायचा नाही, हवेचा घोट घेतला की तो खरडतो.

एकट्या पंपाला करंट द्यायची युक्ती अशी: कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःहून सुरू होत नाही, तो मदरबोर्डच्या इशाऱ्याची वाट पाहतो. त्याच्या मोठ्या तोंडातली एक ठरावीक पिन काळ्या तारेच्या पिनेला जोडली की त्याला इशारा मिळाला असं वाटतं. बहुतेक सप्लायमध्ये त्या पिनेची तार हिरवी असते. दीपाच्या सप्लायच्या सगळ्याच तारा काळ्या, देखणेपणासाठी. पिना मोजून, मीटर लावून खात्री केली आणि तारेचा आकडा घातला.

पंप बोलला. नळीतून पाणी चढलं, ठोकळ्यात गेलं, रेडिएटरात गेलं, परत पंपावरच्या डबीत आलं. ड्रायव्हर लोक टाळ्या वाजवायला लागले. अब्बा आतून म्हणाले, "आवाज साफ आहे." त्यांना तिथून आवाजावरून कळलं.

आणि लाइन गेली. आली. परत गेली. मे महिना आहे, तिनं तरी काय करावं. पण दर वेळी पंप थांबला की बुडबुडे परत नळीत येऊन बसतात.

इथं मला सुचलं आणि मी स्वतःवर खूश झाले. पंप बारा व्होल्टचा. आपल्याकडे बारा व्होल्टची काय कमी आहे? ट्रकचे पंखे आणि मोटरी तपासायला कलीमनं भिंतीशी दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवल्यात. पहिलीवर चिमटा लावला तर बारा, दुसरीपर्यंत नेला तर चोवीस. ट्रकला चोवीस लागतात. सप्लाय काढून ठेवला, पंपाच्या दोन तारा पहिल्या बॅटरीला लावल्या. लाइन गेली तरी पंप चालू. पुण्यातल्या माणसाला हे सुचलं असतं का? त्याच्याकडे ट्रकच नाही.

९ मे

पंप जळाला.

हे शांतपणे लिहायचं ठरवलंय. सकाळपासून पंप बॅटरीवर छान चालू होता. टिश्यू सगळे कोरडे. पेटी विटेवर तिरपी करून मी बुडबुडे काढत होते. दुपारी पाणी कमी पडलं म्हणून बॅटरीवाल्याकडे गेले. परत येताना हायवेवरूनच ऐकू आलं, पंप किंचाळत होता. धावत आत आले तोवर आवाज बंद आणि करपल्याचा वास. लाल चिमटा दुसऱ्या बॅटरीवर होता. चोवीस व्होल्ट. तेवढासा तो पंप, ट्रकएवढा करंट त्याच्या घशात.

अब्बा माझ्या टेबलापाशी उभे होते. हात ओले, हौदातून उठून आलेले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"कोणी लावला?" मी ओरडले.

कलीम ट्रकखालून निघून आत आला. "मी लावला. चिमटा निसटला होता. घाईत दुसरीवर लागला."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. लाजेनं नव्हे, पान पुरणार नाही म्हणून. मुद्दाम केलंस, म्हटलं. जागा पाहिजे ना तुला, म्हणून. तो एक शब्द बोलला नाही. एरवी एकाला चार ऐकवणारा माणूस. मनात चोर असला की असंच होतं.

कोपरापर्यंत काळं ऑइल लागलेले त्याचे हात, असल्या हातांनी माझ्या कामाला शिवला. पंप काढून पुसायला घेतला तर त्यावर एक डाग नाही, चिमट्यावरही नाही. फार सांभाळून धरला असेल. सांभाळायचंच होतं तर व्होल्ट सांभाळायचे.

अब्बा जेवले नाहीत. मुलाची चूक बापाला लागते. मुलीचं नुकसान लागतं का, हे मात्र कळलं नाही, कारण माझ्याशी ते दिवसभर एक शब्द बोलले नाहीत.

१० मे

अम्मीनं सल्ला दिला की दीपाला सांगू नको, गुपचूप नवा पंप बसव. मी नाही म्हटलं. फोन लावला आणि सांगितलं की तुझा पंप माझ्या दुकानात जळाला, चूक आमच्याकडची, नवा आम्ही बसवतो.

दीपानं ऐकून घेतलं. मग, "बाकी काही जळालं का?"

"नाही. म्हणूनच तर आधी एकटा पंप चालवतात."

"मंग मले कायले रडत सांगून राह्यली? काम बंद करते का?"

"रडत नाही मी. अन् बंदही करत नाही."

"मंग झालं तं." फोन ठेवला. मी खरंच रडत नव्हते, आवाज जरा बसला होता एवढंच.

११ मे

कलीम पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेला होता. अब्बांनी पाठवलं म्हणे. संध्याकाळी परत आला, घामानं भिजलेला, पंप डब्यासकट छातीशी धरलेला. पंपाचं नाव तळहातावर पेनानं लिहून नेलं होतं, ते घामानं अर्धं पुसलेलं. चार दुकानं फिरला. एकानं दुसराच पंप खपवायचा प्रयत्न केला तर हा भांडून आला.

"बारा व्होल्टचाच आहे. तीनदा इचारलं," म्हणाला.

पंप बरोबर निघाला. मी आभार मानले नाहीत. जाळायचं आणि आणून द्यायचं, यात उपकार कसला?

आता नियम. माझ्या टेबलाभोवती मी जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटनं रेघ मारली आहे. रेघेच्या आत माझ्याशिवाय कोणी यायचं नाही. कलीमनं रेघ पाहिली आणि म्हणाला, "अब्बाले सांग रेघेचं, तोंडानं सांग. आठवणीनं."

मी म्हटलं, "अब्बांसाठी नाही ती. तुझ्यासाठी आहे." बापाच्या आड किती लपायचं माणसानं.

१३ मे

नवा पंप. एकच बॅटरी. दुसरी मी उचलून शेडबाहेर नेऊन ठेवली, कलीमला ट्रकसाठी हवी असेल तर बाहेर जाऊन लावेल. पंप कालपासून चालू आहे, पाणी काचेसारखं, टिश्यू कोरडे, नळीत एक बुडबुडा नाही. जेवायलाही मी रेघेबाहेर गेले नाही. अम्मी डबा घेऊन आली आणि म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा." मी म्हटलं, सुंभही जळलेला नाही अजून.

एक गोष्ट खटकली. अब्बा चहा द्यायला आले आणि सरळ पिवळ्या रेघेवर पाय देऊन आत आले. मी चहा घेतला. त्यांना असल्या रेघा पाळायची सवय नाही.

१६ मे

हे कसं लिहू. सुरुवातीपासून लिहिते.

काल सगळ्या तारा परत जोडल्या, कॉम्प्युटर चालू केला. आज दीपाला बोलावलं. भर दुपारी, मुद्दाम. बाहेर पंचेचाळीस, पत्र्याखाली त्याहून जास्त. दीपानं तिचं सगळ्यात जड काम लावलं, अख्ख्या धरणाचा नकाशा. मी पडद्यावर तापमानाचा आकडा मोठा करून ठेवला, तळहाताएवढा. अर्धा तास झाला. तास झाला. त्रेसष्टच्या पुढे जाईना. पुण्याच्या माणसाच्या हातानं हिवाळ्यात जेवढा असायचा, तेवढा माझ्या हातानं मे महिन्यात. हातच्या काकणाला आरसा कशाला? ड्रायव्हर, बॅटरीवाला, बाजूचा टायरवाला, सगळे जमले होते. मी अशी उभी होते, जणू माझंच लग्न आहे.

आणि मला हौस आली. अब्बा हौदापाशी बसले होते. म्हटलं, "अब्बा, इकडे या. कलीम म्हणाला होता दुकान जळेल. आकडा तुम्हीच वाचून दाखवा सगळ्यांना."

कलीम लगेच बोलला, "मी वाचतो न."

"तू नाही. अब्बा."

अब्बा आले. मी टेबलामागे होते, मागून हात लावून पडदा त्यांच्याकडे फिरवला. अब्बा वाकले. मागे झाले. परत वाकले. मग ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा. लय चांगला आकडा आहे. माह्या पोरीनं करून दाखवलं."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे पडद्याकडे बघत होते. मला वाटलं आकडा वाढला की काय, म्हणून मी पुढे येऊन पाहिलं.

पडदा काळा होता. फिरवताना मागची केबल निसटली होती. पडद्यावर काहीच नव्हतं, आणि अब्बा त्याच्याकडे तोंड करून हसत होते.

कलीम म्हणाला, "अब्बा मजाक करते." आणि केबल लावली. त्रेसष्ट. मग लोक हसले, बोलले, दीपानं माझा हात धरून जोरात हलवला. मी पण हसले असेन. पेटी चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली, ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटरही आता तुझ्याकडेच पाठवते असं ती म्हणाली, हे सगळं झालं. मला त्यातलं नीट काही आठवत नाही.

सगळे गेल्यावर अब्बा म्हणाले, "जागा तुही. ईदची वाट पाहाची गरज नाई." आणि आत अंधारात जाऊन बसले. शेगडी हातानं चाचपून पेटवली.

ओले हात आता आठवतात. चिमट्यावर डाग नव्हता.

१७ मे

सकाळी दुकान उघडायच्या आधी कलीमला धरलं.

"कधीपासून?"

त्यानं आधी उडवाउडवी केली. मग पायरीवर बसला. "दोन दिवाळ्या झाल्या. आता लय वाढलं. ते रेडिएटर गळत येते न, ते अब्बाच झाळते. मी परत झाळून देतो."

"मला का नाही सांगितलं?"

"अब्बानं कसम घातली होती. ड्रायव्हर लोकायले कळलं तं कोन आणन रेडिएटर? इकबालभाईले दिसत नाई म्हणतीन."

"ड्रायव्हरांचं सोड. मला का नाही?"

तो दुसरीकडे बघत म्हणाला, "तुले सांगतलं असतं तं तू त्याच दिवशी टेबल उचलून आत गेली असती. अब्बाले ते नको होतं. मी दारापाशी जागा मांगत होतो त्यायच्यासाठी. ते मले म्हणे, पोरीचा उजेड घेऊन म्या काय कराचं."

अन् पंप? चिमटा निसटला तेव्हा पंपाचा आवाज थांबला. अब्बांना तो आवाज थांबलेला सहन झाला नाही. माझं काम अडू नये म्हणून उठले, चाचपत गेले आणि हाताला लागली त्या बॅटरीला चिमटा लावला. कलीमला ट्रकखालून त्यांचे पाय दिसले होते, उठेपर्यंत उशीर झाला.

मी कलीमला एक थप्पड मारली, दंडावर. दोघांनाही मला इतकी दुबळी समजायचा हक्क कोणी दिला? जागा सोडायची की नाही हे मी ठरवलं असतं. आणि मी सोडलीही नसती. मी वेगळं काहीतरी केलं असतं. काय, ते मला सुचत नव्हतं आणि त्याचाच राग जास्त होता. मग आम्ही दोघं तिथं पायरीवर बसलो आणि मी रडले. दीपाच्या फोनवेळी रडत नव्हते, हे आता तरी खरं वाटावं.

१९ मे

अब्बांना यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे ओढलं. एसटीत बसेपर्यंत, "डोळे माहे आहेत, तुले कायले चिंता?" हे चालू होतं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू, पिकलेला, इतके दिवस काय करत होते. ऑपरेशन होईल, दिसेल. आधी एक डोळा, मग दुसरा. अब्बांनी ईदनंतरची तारीख घेतली. त्याआधी ऐकत नाहीत.

येताना खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "तुहा पंप म्या जाळला."

"माहीत आहे."

"त्या दिवशी सांगाचं होतं. कलीम पहिले बोलला. मंग माह्या तोंडून निघालं नाई."

माझ्या तोंडून त्या दिवशी कलीमला काय काय निघालं होतं ते मला आठवलं. मी अब्बांचा हात धरला. करंजी गावचा स्टँड येईपर्यंत तो सोडला नाही.

२१ मे

टेबल मी हलवलेलं नाही. हलवणारही नाही. कमावलेली जागा आहे माझी, आणि अब्बांना ती सोडलेली चालायची नाही.

काल हार्डवेअरच्या दुकानातून फायबरचा पारदर्शक पत्रा आणला. आज सकाळी ऊन चढायच्या आत मी आणि कलीम शेडवर चढलो. अब्बांच्या ठिय्याच्या बरोबर वरचा पत्रा खोलायला घेतला. पत्रा अडकवायचे आकडे गंजून गेलेले, माझ्या ओढणीला दोन ठिकाणी भोकं पडली. रस्त्यावरचे ट्रक हळू होऊन बघत होते. बाईमाणूस पत्र्यावर काय करते, असं टायरवाल्यानं खालून विचारलं. मी म्हटलं, वर ये, सांगते. तो आला नाही.

अब्बा खालून ओरडायला लागले. "काहून खोलून राह्यले? पाऊस येईन आत."

"नाही येणार. दुसरा बसवतोय."

"कोनं सांगतलं? दुकान माहं आहे."

"तुमचंच आहे. बाजूला व्हा, गंज पडेल डोळ्यात."

पत्रा बसवताना एका बाजूचा आकडा नीट लागेना. कलीम म्हणाला काढून परत बसवू, पण तोवर पत्रा तापून हात भाजायला लागले होते. आम्ही तसाच आवळला आणि उतरलो.

आतमध्ये हौदावर, शेगडीवर, तिथल्या ऐरणीवर उजेडाचा एक मोठा पट्टा पडला होता. तिथं इतकी जाळी आणि कचरा आहे हे आम्हाला कधी दिसलं नव्हतं. अब्बा त्यात उभे राहिले. हात पुढे करून स्वतःची बोटं बघितली, उलटीपालटी करून. मग वर पाहिलं, डोळे बारीक करून, बराच वेळ. मला वाटलं आता आम्हाला शिव्या बसणार.

"तिरपा बसवला," अब्बा म्हणाले. "डाव्या अंगानं खाली आला पाहा. असं काम करते का कोनी?"

कलीम पाना घेऊन परत वर निघाला. मी त्याला शर्टाला धरून थांबवलं.

"तिरपाच राहू दे," मी म्हटलं. "दिसला ना त्यांना."